सेलकाकांचे चार हिरवे दिवे

सगळा दोष गिंबलला वीज पुरवणाऱ्या म्हाताऱ्या सेलचा होता. लग्नं अजून कॅमेऱ्यासाठी थांबत नसत, तेव्हाची ही गोष्ट. मंगलाष्टकं सुरू झाली आणि कॅमेरा तोलून धरणारा गिंबल थरथरू लागला.

“सेलकाका, ताकद कमी पडतेय का?” गिंबलने विचारलं.

“डोळे फुटले का तुझे? माझे चारही दिवे हिरवे आहेत. ती कालची वायरच ढिली आहे.”

“काका, रिकामे बसलात की दिवे हिरवे. ओझं आलं की विझतात,” वायर म्हणाली.

“मोठ्यांना उलट बोलतेस?”

गिंबललाही ते ठाऊक होतं. त्याने लाल दिवा लावला असता, तर मालकाने सेल बदलला असता. पण काकांचा मान राखायला तो गप्प राहिला.

अंतरपाट सरला, गिंबलची मान पडली आणि कॅमेऱ्यात नुसती सतरंजी आली.

मालकाने तपासलं तेव्हा रिकाम्या सेलचे चारही दिवे हिरवे होते, म्हणून त्याला टॉर्चमध्ये जागा मिळाली. गिंबल बिघडलेला म्हणून भंगारात गेला.