एकेचाळिसावा खडा

चौथऱ्यावर बसा खुशाल, पण त्या खड्यांना हात लावू नका. बंधाऱ्याच्या तोंडाशी हा काळ्या-पांढऱ्या खड्यांचा ढीग दिसतो ना, तो सातवेल गावाचा कौल आहे. आणि खाली कोरड्या पाटात ती एकच पायरी आहे, तिला ठकूबाईची पायरी म्हणतात.

हा बंधारा कुणा राजाने बांधून दिलेला नाही. ऐंशी घरांनी सात उन्हाळे दगड वाहून तो घातला, असे सांगतात. मग पाणी कोणी वाटायचं हे ठरवायचा हक्कही त्या घरांचाच. पाटाचं पाणी पाळीपाळीने शेतांना सोडणारा तो पाटकरी. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी दर घराने एक खडा इथे आणून टाकायचा. आहे तोच पाटकरी हवा तर पांढरा, नको तर काळा. निम्म्याहून जास्त घरं आली नाहीत तर खडे मोजायचेच नाहीत, जुनाच पुढे चालू. आणि सूर्य बुडताना हंगामाचं पहिलं पाणी सोडायचं.

पहिली काही वर्षं म्हणे इथे जत्रा भरायची. पण दगड वाहिलेली माणसं गेली, नातवंडं आली. त्यांना पाणी आयतं मिळालेलं. नेमकं त्याच दिवशी कुणाला खळ्याचं काम निघायचं, कुणाचे पाय दुखायचे. तेव्हाचा पाटकरी भगाजी, मोठा गोडबोल्या. तो टोपली घेऊन दारोदार फिरायचा, तुम्ही कशाला उन्हात तसदी घेता म्हणायचा, आणि लोक खडा त्याच्या टोपलीत टाकायचे! ज्याला ठेवायचं की काढायचं ते ठरवायचं, त्याच्याच हाती खडा. काय म्हणावं या अकलेला? टोपलीतून चौथऱ्यावर काय पडलं, ते बघायला कुणी गेलं नाही. बारा वर्षं असंच चाललं.

ठकूबाईचं शेत पाटाच्या अगदी शेवटाला. तीही दर वर्षी पिठाच्या हातानेच दारातून खडा द्यायची आणि चुलीकडे वळायची. भगाजी वरच्या अंगाच्या सोयऱ्यांना दोन-दोन पाळ्या देऊ लागला, आणि एका वर्षी तिचा गहू ऐन ओंबीत वाळला. ती जाब विचारायला गेली. भगाजी रागावला नाही, हसलाच.

"अगं, मी काय जबरदस्तीने बसलोय? तुझ्याच खड्याने आहे."

हे शब्द तिला फार लागले. कारण खोटं त्यात काहीच नव्हतं. आणखी एक पीक गेलं असतं तर नवऱ्यासह, लेकरांसह तिला गाव सोडावं लागलं असतं.

पुढच्या कोजागरीनंतर टोपली दाराशी आली, तेव्हा तिने खडा दिला नाही. पदराला काळा खडा बांधून ती बंधाऱ्यावर आली आणि बंधाऱ्याची राखण करणाऱ्या म्हाताऱ्या बरकू जागल्याला तिने मूळचा नेम विचारला. बरकू म्हणाला, ज्या घराचा खडा त्याच घराचा हात. टोपलीतला एकही धरायचा नाही. मग इतकी वर्षं गप्प का बसलास, तर म्हणे मला कुणी विचारलंच नाही.

तिने आपला खडा टाकला. एक झाला. एकेचाळीस हवे होते. मग ती खाली कोरड्या पाटात त्या पायरीवर उतरली आणि तिने शपथ घेतली, की निम्म्याहून जास्त घरं आपल्या पायांनी येईपर्यंत मी इथून हलणार नाही. आली नाहीत तर सोडा पाणी माझ्या अंगावर. भगाजी म्हणाला, पाणी सोडायची वेळ काही माझ्या हातात नाही. वेळ त्याच्या हातात नव्हती हे खरं, पण पाणी सोडायचं दार त्याच्याच हातात होतं.

तिचा नवरा घरोघर सांगत सुटला. दुपारपर्यंत नऊ खडे पडले. ठकूबाई मनातून पार घाबरली होती. शपथ घेतल्याचा तिला पस्तावाही झाला, असं आमच्याकडच्या बायका सांगतात, आणि मला ते पटतं. पण ऊन उतरू लागलं तशी माणसं येऊ लागली. कुणी नांगर तसाच टाकून आलं. एकाने एकट्या राहणाऱ्या आजारी सासऱ्याला बाजेवर घालून आणलं, कारण त्या घराचा खडा त्याच्याच हाताने पडायला हवा होता. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा चाळीस झाले होते. एक कमी. भगाजीने दाराच्या दांड्याला हात घातला.

तेवढ्यात त्याची आई काठी टेकत येताना दिसली. ती धाकट्या लेकाकडे राहायची, म्हणजे ते घर निराळं. म्हातारीने कनवटीचा खडा काढला आणि सगळ्यांना दिसेल असा चौथऱ्यावर ठेवला. पांढरा होता. लेकासाठीच आली होती ती.

"माझ्या घराचा हा एक," ती म्हणाली. "आता मोजा."

बरकूने मोजले. तेहतीस काळे, आठ पांढरे. म्हातारी घरी बसली असती तर भगाजी राहिला असता. तिला हे कळत नव्हतं असं कुणी म्हणतं, चांगलं कळत होतं असंही कुणी म्हणतं. भगाजीने दांड्यावरचा हात काढला. ठकूबाईला वर चढवेना, तेव्हा दोघी-तिघींनी तिला हाताला धरून ओढून घेतलं. काठावर बसून ती रडली, मग हसत सुटली. त्या वर्षी नव्या पाटकऱ्याच्या हातून पाणी तिच्या शेताच्या शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचलं.

आजही त्या दिवशी गावातली एक सून पाटात जाऊन उभी राहते. कधी चाळीस खडे लवकर पडतात, कधी दिवस कलतो आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. एकेचाळिसावा पडला की आधी तिला वर घेतात. पाटकरी राहिला की गेला, ते मग मोजतात.