कुलपाचं फुलपाखरू

एका मोठ्या शहरात, उंच उंच इमारतींच्या पायाशी एक चिमुकली वस्ती होती. तिथे राहायची तुळसा. आई सकाळीच धुण्याभांड्यांच्या कामाला निघायची. जाताना म्हणायची, "गोप्याला सांभाळ गं, माझी बाय." तुळसा स्वतःच एवढीशी! तरी धाकट्या भावाला कडेवर घेऊन ती दिवसभर बागेत फिरवायची.

बागेच्या कोपऱ्यात एक बसकी खोली होती. भिंतीवर पुसट मोर, दाराला गंजकं कुलूप. पूर्वी तिथे बालवाडी भरायची म्हणे. तुळसा खिडकीच्या फटीतून फळ्यावरची जुनी अक्षरं बघत राहायची. मागे गोप्या तापाने फणफणला, तेव्हा औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते आईला वाचता येईना. बाटली घेऊन ती दारोदार फिरली होती. आईचा तो रडवेला चेहरा तुळसाच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

एके दिवशी जास्वंदीत काहीतरी लुकलुकलं. बघते तर काय, कोळ्याच्या जाळ्यात एक इवलीशी परी! पंख मोरपिशी, झगा केशरी, केसांत दवाचे टपोरे थेंब. तुळसाने गवताच्या काडीने अलगद एकेक धागा सोडवला.

"गुणाची गं पोर!" परी किणकिणली. "मी झुळूक. एक इच्छा माग. पण नियम आहे हं. स्वतःपुरतं मागशील, तर पापणी लवायच्या आत मिळेल. सगळ्यांसाठी मागशील, तर सगळ्यांना मिळेल, पण तुला त्यासाठी खपावं लागेल. तिथे जादू नाही चालायची."

'मला वाचता येऊ दे!' शब्द अगदी ओठांवर आले. तेवढ्यात तिला घसरगुंडीपाशी नाझिया दिसली, पेंगुळलेल्या बहिणीला थोपटणारी. वाळूत रेघोट्या ओढणारा भिवा दिसला. तुळसाने कुलूप लावलेल्या खोलीकडे बोट दाखवलं.

"ही खोली उघड," ती म्हणाली. "आम्हां सगळ्यांसाठी. आमच्या आयांसाठीसुद्धा."

"मग तुला अक्षरं आयती नाही मिळणार."

"चालेल. शिकेन मी."

झुळुकेने फुंकर घातली. गंजक्या कुलपाचं पिवळंधमक फुलपाखरू झालं आणि भुर्रकन उडालं! भिंतीवरचा मोर निळाहिरवा झळाळला.

दुसऱ्या दिवशी दारात महापालिकेने पाठवलेल्या बालवाडीच्या हेमाताई उभ्या. "या रे पिल्लांनो, गोल करून बसा!"

"गोप्या पण?" तुळसाने भीत भीत विचारलं.

"अगं, त्याच्याचसाठी तर हे ठोकळे!"

मग गाणी झाली, गोष्टी झाल्या, गरमगरम खिचडी झाली. संध्याकाळी दमल्याभागल्या आया पाटी घेऊन बसू लागल्या. अक्षरं मात्र भारी हट्टी! तुळसाचा 'ळ' सारखा कोलांटी उडी मारायचा. ती पुसायची, रडायची, पुन्हा गिरवायची.

असे कितीतरी दिवस गेले. एका संध्याकाळी आईने पाटीवर काहीतरी लिहिलं आणि लाजत पुढे केलं. "बघ गं, जमलंय का?"

तुळसाने बोट ठेवलं. "तु... ळ... सा. आई! ही तर मी!"

खिडकीत बसलेली झुळूक खुदकन हसली. तिच्या पंखांतून सोनेरी उजेड सांडला, खोलीभर पसरला, आणि त्या उजेडातच ती विरघळून गेली.

आईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती म्हणत होती, "पुन्हा वाच ना गं. पुन्हा एकदा."