खोतांच्या म्हशी आणि खाडीचं पाणी

कुणाच्या पणजोबांनाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, समुद्राकाठच्या एका डोंगरावर दाजीबा खोत राहत. त्यांच्या वीस म्हशी होत्या. आसपासची गुरं गवत-पेंढा खात. खोतांच्या म्हशी मात्र घाटावरून आणलेली सरकी खात. हे खोत भेटेल त्याला सांगत. न भेटेल त्याला गाठून सांगत.

गोठ्याशेजारून ओढा वाहायचा. रोज सकाळी शेण त्यात लोटलं की झाली सफाई! ओढा खाली खाडीला मिळे. तिथं येसू नावाची म्हातारी तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचून पोट भरायची.

एका वर्षी शिंपल्या मरू लागल्या. उघडाव्यात तर आत नुसता काळा चिखल. ओढ्याचं पाणी पिऊन काठच्या गावातली पोरं जुलाबांनी हैराण झाली. येसू धापा टाकत डोंगर चढली.

"खोत, शेण ओढ्यात टाकू नका. खाली पाणी नासलंय."

"अगं, वाहतं पाणी कधी नासतं का?" खोतांनी मिशीवरून हात फिरवला. "आणि माझ्याच म्हशींचं कशावरून?"

येसू डोंगर उतरून गेली.

पुढं पर्वणी आली. खोत स्नानाला ओढ्याच्या मुखाशी आले. सगळा गाव काठावर जमलेला. खोतांनी नाक दाबून तीन बुड्या मारल्या. वर आले तेव्हा डोक्यावर शेणाचा हिरवागार फेटा!

"कुणाच्या गुरांचं हे?" खोत गरजले. "वाळीत टाका त्याला!"

येसूनं त्यांच्या कानामागचं शेण चिमटीत धरून निरखलं.

"सरकीची टरफलं आहेत, खोत."

स्नानाचे मंत्र सांगायला आलेल्या भटजींनाच आधी हसू फुटलं. "सरकी कोण खातं, ते खोतांनी मला चौदा वेळा सांगितलंय!"

काठ हसून लोळला. येसूनं मात्र तांब्या भरून पुढं केला. "वाहतं पाणी आहे. घ्या एक घोट."

खोतांनी तांब्या ओठांशी नेला. समोर एका बाईच्या कडेवर जुलाबांनी मलूल झालेलं लेकरू होतं. खोतांनी तांब्या खाली ठेवला.

"चुकलो, येसू," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी ओढ्यापासून लांब खड्डा खणून घेतला. शेणाचं खत भाताला गेलं, पीक कमरेएवढं आलं. पोरं हिंडू-खेळू लागली. दोन पावसाळ्यांनी खाडीत पुन्हा शिंपल्या सापडू लागल्या.

ध्यानात ठेवा: डोंगरावरच्यानं पाणी जपलं, तरच किनाऱ्यावरच्याला ते पिता येतं.