दुसरा गडी

"...ते सगळं खरं, पण तिन्हींतलं योग्य कोणतं तेवढं सांगा, बुवा. कन्सोल, पीसी, की सबस्क्रिप्शन?"

सोमगीर बुवांनी ताकाचा पेला खाली ठेवला. मिशीला लागलेलं ताक उपरण्यानं टिपलं.

"ही कुठल्या देवांची नावं म्हनायची?"

"देव नाहीत. व्हिडिओ गेम खेळायचे तीन मार्ग आहेत."

"मार्ग..." बुवा म्हणाले.

विचारणारा अभिनंदन चौगुले सांगलीचा. वय छत्तीस. गेली नऊ वर्षं तो आपल्या चॅनलवर हे तीन मार्ग तोलून दाखवत होता. अडीच लाख लोक त्याचं ऐकत. आसपासच्या तीन जिल्ह्यांत त्याला विचारल्याशिवाय कुणी तरुण नवं मशीन घेत नसे. आणि त्यातच त्याची गोची झाली होती. हा प्रश्न तो ज्याला विचारी, तो त्याला त्याचीच जुनी वाक्यं ऐकवी.

येरळेकाठच्या या मठाचं नाव मावशीनं सुचवलं. "पण बुवांना तुझ्या त्या खेळांतलं ओ की ठो कळायचं नाही हं," असंही ती म्हणाली होती. म्हणूनच तो आला होता.

"मला उमजंल असं सांग," बुवा म्हणाले.

अभिनंदन सावरून बसला. समजावून सांगणं हा त्याच्या हातचा मळ होता.

"कन्सोल म्हणजे कंपनीनं तयार करून दिलेला डबा. टीव्हीला जोडायचा, कोचावर बसायचं, खेळायचं. आतलं काही बदलता येत नाही. पीसी म्हणजे आपला कॉम्प्युटर. एकेक भाग निवडून आपण जुळवायचा, जुना झाला की तेवढाच बदलायचा. चित्र फार सुंदर दिसतं, पण डोक्याला ताप. आणि सबस्क्रिप्शन..." त्याचा ओठ जरा वाकडा झाला. "महिन्याला पैसे भरायचे, की चारशे गेम खुले. साध्या मोबाईलवरसुद्धा चालतात. पण आपलं म्हणून काही नाही. भरणं थांबलं की दार बंद."

"म्हंजे एक तयार घर, एक आपल्या हातानं बांधल्यालं, आन् एक धर्मशाळा."

"अगदी बरोबर!"

हे वाक्य पुढच्या व्हिडिओत झकास बसेल, असं त्याच्या मनात येऊन गेलं. दुसऱ्याच क्षणी त्याला स्वतःची शिसारी आली.

"तुझ्याकडं काय हाय त्यातलं?"

"तिन्ही आहेत."

"आन् खेळतोस कशावर?"

बाहेर कडुलिंबाखाली कुणीतरी भांडी घासत होतं.

"खेळत नाही," अभिनंदन म्हणाला. "तीन महिने झाले."

"गडी कोन हुता तुझा?"

अभिनंदननं चमकून वर पाहिलं. गड्याचं नाव तर त्यानं काढलंच नव्हतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. खेळाला गडी लागतो, येवढं ठावं हाय."

...

त्याचं नाव वैजनाथ. वैजू. शाळेपासूनचा सोबती. दोघांनी मिळून पहिला कन्सोल घेतला तो कॉलेजात असताना, आणि तो वैजूच्या घरच्या टीव्हीला जोडला. त्यांचा एक आवडता गेम होता. दोन गिर्यारोहक, एका दोरीला बांधलेले. एकानं खाली पाय रोवून दोरी धरायची, दुसऱ्यानं कडा चढायचा. मग वरच्यानं दोरी धरायची, खालच्यानं चढायचं. एकट्याला तो गेम खेळताच येत नसे. वैजू नेहमी आधी दोरी धरी. "तू हो पुढं अभ्या, मी हाय," एवढंच म्हणे.

पुढं वैजूनं पीसी जुळवला. कन्सोलवरचा गेम आणि पीसीवरचा गेम एकमेकांना जोडले जात नव्हते. एवढ्याशा गोष्टीवरून चेष्टा सुरू झाली. चेष्टेचा वाद झाला. आणि एकदा अभिनंदननं भर कॅमेऱ्यासमोर वैजूचं नाव घेऊन म्हटलं, "हे पीसीवाले खेळत नाहीत हो, जन्मभर स्क्रू पिळत बसतात."

तो व्हिडिओ त्याचा सगळ्यांत जास्त पाहिला गेला.

वैजूनं फोन केला नाही. ह्यानंही केला नाही. दोन वर्षं तशीच गेली.

"मग?" बुवांनी विचारलं.

"मग त्याच्या किडन्या गेल्या. मला ठाऊकच नव्हतं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. चार-चार तास एका जागी पडून राहायचं."

"हं."

"तिथं कुठला पीसी आणि कुठला कन्सोल! त्यानं मोबाईलवर सबस्क्रिप्शन घेतलं. एका हातात सुया टोचलेल्या असायच्या. दुसऱ्या हातानं..."

त्यानं आपला अंगठा मांडीवर दाबून धरला.

"खालून दोरी धरणाऱ्याला एकच बटण दाबून धरावं लागतं, बुवा. ते एका हातानं जमतं."

बुवांनी पेला बाजूला सारला.

"त्यानं मला चौदा वेळा खेळायला बोलावलं. सबस्क्रिप्शन माझ्या कन्सोलवरही चालतं. एक बटण दाबलं असतं तर आमचा गेम जोडला गेला असता. वर्षांनुवर्षं ज्यावरून भांडलो, ती भिंत तिथं नव्हतीच. पण मी त्या वेळी सबस्क्रिप्शनवाले खरे खेळाडूच नव्हेत, असा व्हिडिओ करत होतो. लोकांची बोलावणी फार येतात म्हणून ती दिसायचीच बंद करून ठेवली होती."

"कवा दिसली?"

"तो गेल्यावर. त्याच्या बहिणीनं, कांचननं मला बोलावलं. रागावली नाही ती. चहा दिला. म्हणाली, दादा पडल्या पडल्या मोबाईल धरून असायचा. नर्सनं ठेवायला सांगितला तर म्हणायचा, थांबा, अभ्या येईल."

भांडी घासणं थांबलं होतं. कडुलिंबावर एक कावळा येऊन बसला आणि काही न सापडल्यामुळं उडून गेला.

अभिनंदन आता थांबेना. त्यानं तो गेम तिन्हींवर उघडून पाहिला होता. एका मांडीवर एक कंट्रोलर, दुसऱ्या मांडीवर दुसरा. डाव्या हातानं दोरी धरली, उजव्या हातानं कडा चढला. शिखरापर्यंत गेला. वरून खाली पाहिलं तर तो दुसरा मान वर करून उभाच. वरून दोरी ओढायला मात्र दोन्ही हात लागत. ह्यानं ती धरली, तर तिकडून पाऊल उचलायला हात उरला नाही. बोटं ताणली, कंट्रोलर पायाच्या अंगठ्यानं दाबून पाहिला. शेवटी पडद्यावर अक्षरं आली : दुसऱ्या खेळाडूची वाट पाहत आहोत.

ती अक्षरं त्यानं टीव्ही बंद करेपर्यंत तशीच होती. टीव्ही बंद केल्यावर काळ्या काचेत तो स्वतःच दिसायला लागला.

"ह्या महिन्याच्या अखेरीला ते तो गेम सबस्क्रिप्शनमधून काढून टाकणार आहेत," तो म्हणाला. "त्याच्याबरोबर ती चौदा बोलावणीही जातील. म्हणून विचारतोय. उगाच विचारत नाही. सांगा ना, बुवा. मी कशावर असायला हवं होतं?"



बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. अमावास्येची पंगत नुकतीच आटोपली होती. सभामंडपात लांबलचक जाजम अजून पसरलेली होती. बुवांनी तिचं एक टोक उचललं.

"धर तिकडनं."

अभिनंदन उठला. पलीकडचं टोक त्यानं दोन्ही हातांनी धरलं. दोघांनी जाजम झटकली. शितं उडाली, धूळ उडाली. बुवांनी टोकाला टोक मिळवायला चार पावलं पुढं टाकली, त्यानंही टाकली. मधोमध दोघं समोरासमोर आले. म्हाताऱ्याचा श्वास त्याच्या तोंडावर आला. पुन्हा मागं, पुन्हा पुढं. प्रत्येक घडीला अंतर निम्मं होत गेलं.

"ध्यानगीर म्हनून माझा गुरुबंधू हुता," बुवा घडी दाबत म्हणाले. "आमी नऊ वर्सं एकमेकाशी बोललो न्हाई."

"कशावरून?"

"आता आठवत न्हाई."

"एकाच मठात राहून?"

"एकाच मठात. पर जाजम रोज दोघांनी घडी केली. ह्यो तिकडनं यायचा, मी हिकडनं. त्वांडाला त्वांड भिडायचं. मग त्यो त्याच्या खोलीत, मी माझ्या."

अभिनंदनच्या हातातलं टोक सुटलं. नऊ वर्षांचा अबोला. आणि रोज दुसरं टोक. भांडायला कुणाची ना नव्हती तर. वैजूनं तरी कुठं भांडण मिटवायला बोलावलं होतं? त्यानं फक्त डावाला बोलावलं होतं. चौदा वेळा.

तो तिथंच खाली बसला. तोंड झाकून घ्यावं एवढंही त्याला सुचलं नाही.

बुवांनी त्याला उठवलं नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. त्याच्या हातून सुटलेलं टोक त्यांनी वाकून उचललं, हनुवटीखाली धरलं, दुसरं टोक हातानं ओढून आणू लागले. जाजम वाकडी झाली. त्यांनी ती उलगडली. पुन्हा ओढली. पुन्हा वाकडी झाली.

"ध्यानगीर बुवा कधी गेले?" डोळे पुसत अभिनंदननं विचारलं.

"झाली की एकवीस वर्सं."

"मग... एकट्यानं बसते घडी?"

म्हाताऱ्यानं वाकडी जाजम पुन्हा उलगडली.

"बसत न्हाई," ते म्हणाले. "घालावी लागती."