नदीची रेघ

एका शहराच्या घाटावर फार पूर्वीपासून एक काळा दगड होता. सर्वांत मोठा पूर जिथवर चढला, तिथे लोकांनी त्याच्यावर रेघ कोरली होती.

पुढे नदीकाठी बाग झाली. बागेचे मुकादम रेघेच्या खाली बाकं बसवू लागले, तेव्हा दगड म्हणाला, "मुकादम, रेघेच्या वर बसवा."

"तिथून पाणी लांब पडतं," म्हणत मुकादमांनी उद्घाटनासाठी दगडच घासून गुळगुळीत करून घेतला.

"गेली एकदाची रेघ!" नवं बाक म्हणालं.

श्रावणात नदी चढत आली. दगडापाशी थबकून तिनं विचारलं, "माझी रेघ कुठाय?"

"पुसली."

"असू दे, नवी काढते."

ती रेघ मुकादमांच्या बागेतल्या खोलीत, घड्याळाच्या जरा वर उमटली. बाकाला मात्र ती बघता आली नाही. ते तोवर तीन गावं खाली पोचलं होतं.