बिबट्याचे पाऊल वगळून

मुलांनो, नदीकाठच्या एका सागवानी जंगलात हरणांचा मोठा कळप राहत असे, आणि त्या जंगलात एक शाळाही होती. शाळेत विषय दोनच, वाचन आणि गणित. वाचन म्हणजे चिखलात उमटलेली पावले वाचणे. गणित म्हणजे पाण्यावर जाताना कळप मोजायचा, परतताना पुन्हा मोजायचा आणि कुणी मागे राहिले का, ते वजाबाकी करून सांगायचे. आपल्याला खाणारे ज्या जंगलात राहतात, तिथे आधी एवढे आले पाहिजे, बाकीचे मग. पूर्वी हे आयाच शिकवत. शाळा निघाली तसे त्यांनी वाटेवर खाली बघणे सोडून दिले. मुले शाळेत जातात ना, मग झाले!

अभ्यासक्रम आखायला एक समिती होती. अध्यक्ष हत्ती, सचिव कावळा आणि सदस्य कासव. आता हत्तीच्या वाटेला बिबट्या जात नाही, कावळा उडून जातो, आणि कासव पाठीवर घर घेऊनच फिरते. पाण्यावर जाताना जीव मुठीत धरून चिखलाकडे बघायची पाळी या तिघांवर कधी आली नव्हती. शिकवणारा मास्तर मात्र ससा होता. त्याला समितीवर घेतलेले नव्हते. बैठकीत त्याने एका कडेला बसायचे आणि विचारले तर बोलायचे.

त्या वर्षी समितीने इयत्तेची मानके ठरवली. होळीपर्यंत प्रत्येक पिल्लाला कोणती पावले वाचता आली पाहिजेत आणि किती हिशोब जमला पाहिजे, ते सगळे नीट ठरले. ठरवले ते चांगलेच होते, उगाच नावे कशाला ठेवू? पण परीक्षा झाली आणि वर्गच्या वर्ग नापास झाला. सशाचे, मोराचे, रानडुकराचे पाऊल सगळ्यांना येत होते. बेरीजही येत होती. घोडे अडले दोनच ठिकाणी. बिबट्याचे पाऊल आणि तरसाचे पाऊल पिल्लांना वेगळे काढता येईना. तरसाच्या पावलापुढे नखांचे टोचे उमटतात. बिबट्या नखे आत ओढून चालतो, म्हणून त्याचे उमटत नाहीत. हे दिसायला चिखलाशी नाक नेऊन बसावे लागते, आणि पिल्लांना कंटाळा येई. दुसरी अडचण वजाबाकीची.

समितीची बैठक बसली. "असा निकाल लागला तर पलीकडच्या जंगलात आपलं हसं होईल," हत्ती म्हणाला.

"त्यात काय अवघड आहे?" कावळा म्हणाला. "ती दोन मानकं काढून टाका. बिबट्या येतो तरी किती वेळा? ससे रोज दिसतात. मुलांना रोजच्या उपयोगाचं शिकवावं."

"आणि वजाबाकी हवी कशाला?" कासवाने मान बाहेर काढून विचारले. "माझं एवढं वय झालं, माझं कधी अडलं नाही."

ससा मास्तर चाचरत उभा राहिला. "साहेब, ससा कुणाला खात नाही हो. त्याचं पाऊल नाही आलं तरी चालेल. पण बिबट्याचं..."

"मास्तर, वर्ग तुमचाच नापास झालाय," हत्ती शांतपणे म्हणाला. "दुसऱ्या कुणाला द्यायचा का?"

ससा खाली बसला.

पालकांमध्ये एक हरिणी होती. तिचे पाडस याच दोन गोष्टींत नापास झाले होते. ती पुढे आली आणि हात जोडल्यासारखी मान लववून म्हणाली, "काढाच ते, अध्यक्षमहाराज. परीक्षा झाल्यापासून माझं बाळ गवताला तोंड लावत नाही. मी ढ आहे, मी ढ आहे, एवढंच म्हणत बसतं. बिबट्या आला तर मी आहे ना त्याच्याजवळ!" बाकीच्या आयांनीही माना हलवल्या. हरिणीला मी दोष देणार नाही. लेकराचे रडे कुणाला बघवते? राग येतो तो त्या तिघांचा, कारण त्यांनी लगेच ठराव केला आणि खाली लिहिले, 'पालकांच्या आग्रहावरून'.

दुसऱ्या दिवसापासून ससा मास्तर नव्या अभ्यासक्रमाप्रमाणे शिकवू लागला. स्वतःच्या पिल्लांना मात्र तो घरी झुडपाआड घेऊन बसे आणि बिबट्याचे पाऊल त्यांच्याकडून रोज घोटून घेई. मास्तरांची बदनामी करायची म्हणून हे सांगत नाही, मुलांनो. शहाण्यांची अशी रीतच असते.

पुन्हा परीक्षा झाली. निकाल शंभर टक्के! हरिणीचे पाडस पहिले आले. कावळ्याने गावोगाव कावकाव करून बातमी पोचवली, हत्तीने सोंडेने पळसाची माळ पाडसाच्या गळ्यात घातली, आणि पहिल्या आलेल्याचा मान म्हणून त्या संध्याकाळी कळपाच्या पुढे चालण्याचे काम त्याला मिळाले. वाट वाचायची आणि कळप मोजायचा. हरिणीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. ती पाडसाच्या मागेच चालली होती.

पाडसाने जाताना कळप मोजला. साठ. मग वाट वाचत ते पुढे निघाले. "हा मोर. हा ससा. हे रानडुक्कर, पण कालचं." एकही चूक नाही. नदीच्या उतारावर, लव्हाळ्याच्या तोंडाशी, ते थबकले. ओल्या चिखलात एक गोल पाऊल होते, ताजे, आणि त्याच्या पुढे नखांचे टोचे नव्हते.

"काय रे बाळा?" हरिणीने विचारले.

"काही नाही, आई. हे परीक्षेला नव्हतं."

"मग असू दे," ती म्हणाली.

"वाट मोकळी!" पाडस मोठ्याने ओरडले, आणि कळप पाण्यात उतरला.

लव्हाळे हलले. एकदम धूळ उडाली, चिखल उडाला, खुरांचा गलका झाला आणि जो तो वाट फुटेल तिकडे पळत सुटला. कळप माळावर पुन्हा गोळा झाला तेव्हा अंधारून येत होते. पाडस धापा टाकत होते, पण आपले काम विसरले नव्हते. शिकवल्याप्रमाणे त्याने एकेकाला मोजले. एकोणसाठ.

"मोजलंस का रे?" एका म्हाताऱ्या काळविटाने विचारले.

"हो आजोबा. जाताना साठ, येताना एकोणसाठ. दोन्ही वेळा बरोबर मोजलं."

"म्हणजे काय झालं?"

"म्हणजे काय?" पाडस गोंधळून म्हणाले. "एवढंच विचारतात."

मग ते आनंदाने आईकडे धावले, आपण कुठेही अडखळलो नाही हे तिला सांगायला. ती डाव्या बाजूला नव्हती. उजव्या बाजूला नव्हती. त्याने सगळा कळप पालथा घातला, प्रत्येकीच्या अंगाचा वास घेतला, प्रत्येकीला "आई?" म्हणून विचारले, आणि प्रत्येकीने मान वळवली. तेव्हा, कुणीही न शिकवता, त्याला वजाबाकी आली.

दुसऱ्या दिवशी समिती चौकशीला बसली. पाडसाला बोलावले गेले. त्याने पावले ओळखून दाखवली, आकडे म्हणून दाखवले. रडत होते, पण एकही उत्तर चुकले नाही. ससा मास्तर कडेला मान खाली घालून बसला होता. त्याला कुणी काही विचारले नाही. "जेवढं शिकवलं तेवढं मुलाला पूर्ण येतं," कावळ्याने निष्कर्ष सांगितला. "अभ्यासक्रमात दोष आढळत नाही." कासवाने अनुमोदन दिले. हत्तीने हरिणीसाठी दोन मिनिटे स्तब्धता पाळायला लावली आणि बैठक संपवली. मग अध्यक्ष, सचिव आणि सदस्य, तिघेही आपापल्या घरी सुखरूप गेले.

तात्पर्य : अवघड धडा पुस्तकातून गाळता येतो, आयुष्यातून गाळता येत नाही, आणि ज्यांनी तो गाळलेला असतो, त्यांच्यावर त्याची किंमत मोजायची पाळी सहसा येत नाही.