साकवाची मधली गाठ

एका गावात एक ओढा होता. खरं तर त्या ओढ्याचे दोन काठ मिळूनच ते गाव झालं होतं. अलीकडे गावकरवाडी, पलीकडे घाडीवाडी. शाळा अलीकडे, देवीचं देऊळ पलीकडे. त्यामुळे कितीही भांडण झालं, तरी एकमेकांकडे जावंच लागे.

पावसाळ्यात ओढा फुगायचा आणि येणं-जाणं बंद व्हायचं. पाऊस सरला, की दोन्ही वाड्या मिळून साकव घालायच्या. साकव म्हणजे पोफळीच्या सोटांचा, लांब सरळ खोडांचा, छोटा पूल. पुढचा पाऊस आला, की काढून ठेवायचा. गावकरांनी आपल्या काठावरून सोट टाकत यायचं, घाड्यांनी आपल्या. ओढ्याच्या मध्यावर एक खडक होता. तिथे दोन्हीकडच्या सोटांची टोकं एकमेकांवर चढवायची आणि भिजवलेल्या काथ्याच्या दोराने आवळून बांधायची. ही साकवाची मधली गाठ. ती एकट्याला बसत नसे. एकाने अलीकडून दोर ओढायचा, एकाने पलीकडून. गाठीवर ज्याचा हात शेवटचा, देवीपुढच्या नारळाचा मान त्याचा.

त्या वर्षी या नारळावरूनच वाजलं.

गावकरवाडीचे म्होरके अनाजी म्हणाले, "गेल्या वर्षी नारळ धोंडूने नेला. यंदा पाळी आमची."

घाडीवाडीचे म्होरके धोंडू म्हणाले, "गेल्या वर्षी साकव वाहून गेला आणि पुन्हा घातला. तेव्हाचा नारळ कोणी नेला? खोबरं संपलं, तसं विसरलास वाटतं."

"तो नासका निघाला होता. नासक्या नारळाचा मान धरत नाहीत."

"नारळ नासका की माणूस, ते गाव ठरवेल."

झालं. दोघेही काठ चढून घरी गेले. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या माणसांनी आपापले सोट खडकापर्यंत आणले, टोकं एकमेकांवर ठेवली, दोर त्यांवर टाकला आणि माणसं गाठ न मारताच परतली. अनाजी घरी म्हणाले, "एकट्याने गाठ बसत नाही, हे कळलं की धोंडू येईल बोलवायला." धोंडूही आपल्या घरी हेच म्हणाले. दोघेही बोलावण्याची वाट बघत बसले.

दसऱ्याच्या सकाळी शाळेतल्या मुलींनी साकव सजवला. कठड्याच्या बांबूंना झेंडूच्या माळा गुंडाळल्या, आणि उरलेली सगळी फुलं मध्यावरच्या दोरावर, गाठच समजून, रचली. आता काठावरून बघणाऱ्याला फुलंच दिसत. गाठीशिवाय फुलं कोण घालील? अनाजींना वाटलं, धोंडूने आपलाच दुसरा माणूस धरून गुपचूप उरकून घेतलं. धोंडूंना वाटलं, अनाजीने. दोघांनाही राग आला. पुढे जाऊन बघितलं मात्र दोघांपैकी कोणीच नाही.

दसऱ्याला नव्या साकवावरून ओढा ओलांडणारी पहिली पावलं गावकरवाडीच्या बायकांची. त्यांनी पलीकडे जाऊन देवीला आपट्याची पानं वाहायची. सगळ्यांत पुढे वाडीतली सर्वांत नवी सून. आणि एकदा पाऊल टाकलं, की साकवावरून मागे फिरायचं नाही, असा रिवाज.

त्या वर्षीची नवी सून होती शेवंती, अनाजींच्या धाकट्या मुलाची बायको. ती फार भित्री. माडाची झावळी पडली तरी दचकायची. शिमग्यात तिने देवळाच्या अंगणात "साप, साप" म्हणून आरडाओरडा केला होता. माणसं वाट फुटेल तिकडे पळाली, आणि साप म्हणजे ढोल बांधायचा दोर निघाला. तेव्हापासून विहिरीवर कोणी पोहरा सोडला, तरी बायका म्हणायच्या, "शेवंते, जपून गो, दोर चावेल."

निघताना सासूबाई भागीरथी तिला म्हणाल्या, "आज दोन्ही वाड्या बघणार आहेत. आज तरी तुला काही दिसू देऊ नको."

"नाही हो आई," शेवंती म्हणाली.

ती निघाली. तिची चालच अशी, की आधी पाय दाबून बघायचा, मग त्यावर भार द्यायचा. मागून कोणीतरी म्हणालं, "या हिशेबाने देवीचा पुढचा दसरा उजाडेल." शेवंतीने चाल बदलली नाही. दाबत दाबत ती मध्यावर आली. तिने पाय ठेवला, आणि सोटाचं टोक हललं. दुधाचा दात हलतो, तसं. तिने पायाच्या अंगठ्याने फुलं बाजूला केली. खाली दोर नुसता वेटोळं करून पडला होता.

खाली ओढ्याला अजून ओढ होती आणि पाण्यातून दगडांची टोकं वर आलेली दिसत होती.

शेवंती हाडाने हलकी. एक उडी मारली असती, तर ती पलीकडच्या सोटांवर गेली असती आणि तिची शोभा झाली नसती. पण तिच्या मागे सासूबाई होत्या. त्यांच्या मागे सगळी वाडी होती, कडेवर पोरं घेऊन. सासूबाईंचा भार या टोकावर पडला, तर टोक खडकावरून निसटणार. आणि ती ओरडली, आणि तिचं पुन्हा चुकलेलं असलं तर? एका दोरावरून एवढं ऐकावं लागलं. दुसऱ्या दोरावरून म्हातारपणापर्यंत ऐकावं लागलं असतं.

तिने उडी मारली नाही. ती खाली बसली. दोन्हीकडे पाय सोडले, दोन्ही टोकांना मिठी मारली आणि डोळे मिटून घेतले.

"काय झालं गो?" सासूबाईंनी विचारलं.

"थांबा आई. पुढे येऊ नका. कोणीच येऊ नका."

मागे हशा पिकला. "शेवंतीला पुन्हा साप दिसला," एक जण म्हणाली.

"साप नाही," शेवंती म्हणाली. तिचा आवाज काठापर्यंत पोचला. "गाठ नाही."

हसणं थांबलं.

अलीकडच्या काठावरून अनाजी म्हणाले, "असं कसं? गाठ घाड्यांनी मारली ना?"

पलीकडून धोंडू म्हणाले, "आम्ही? आम्ही कशाला मारू? तुम्हीच मारलीत."

मग दोघांच्याही लक्षात आलं.

बायका एकेक करून मागे सरल्या. सासूबाई मात्र हलल्या नाहीत. "पोरीला सोडून कुठे जाऊ?" असं म्हणत त्या जागीच कठडा धरून उभ्या राहिल्या. रिवाज मोडला, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानातही आलं नाही. अनाजी त्यांच्या बाजूने सोटांवरून बसत सरकत आले. पलीकडून धोंडू तसेच आले. शेवंतीला उठवता येत नव्हतं. ती उठली असती, तर टोकं सुटली असती. मध्ये ती, आणि दोन बाजूंना दोन म्होरके. दोघांनी तिच्या हाताखालून दोर घेतला, ओढ्यात भिजवला आणि सोटांभोवती फिरवला.

अनाजी थबकले. "आधी कोण ओढणार?"

"तू ओढ," धोंडू म्हणाले.

"म्हणजे शेवटचा हात तुझा."

शेवंतीने डोळे उघडले. "मामंजी, कोणीही ओढा हो. माझे हात गळायला आलेत."

दोघांनी एकदमच ओढलं. दोर करकरला. ते ओढतच राहिले, ती उठून पलीकडे पोचेपर्यंत, आणि मग सासूबाई पोचेपर्यंत. मग गाठ पक्की झाली; शेवटचा हात कोणाचा, ते कोणीच बघितलं नाही. त्यांनीही नाही.

पुढे देवळासमोर नारळ घेऊन दोघे उभे राहिले. धोंडू म्हणाले, "तूच घे." अनाजी म्हणाले, "नको, तू घे." आता हे कुठवर चालणार, हे भागीरथीबाईंना दिसलं. त्यांनी नारळ काढून घेतला आणि पायरीवर आपटला. फाट्कन आवाज झाला, आणि शेवंती केवढ्याने तरी दचकली. सगळे हसले. या वेळी तीही हसली. खोबऱ्याचा पहिला तुकडा सासूबाईंनी तिच्या हातावर ठेवला.

शेवंतीची भीती काही गेली नाही. झावळी पडली की ती अजून दचकते. पण तेव्हापासून त्या गावात साकव तयार झाला, की दोन्ही वाड्या आपापल्या काठावर थांबतात. शेवंती मध्यावर जाते आणि पाय दाबून बघते. कितीही वेळ लावला, तरी तिला कोणी घाई करत नाही.

तात्पर्य: मानासाठी दोघे भांडत बसले, की काम दोघांच्याही हातून राहतं; आणि भित्रं माणूस ओरडलं, तर हसायला नंतर वेळ असतो, आधी वाकून बघावं.